सरदाराचे शिरस्त्राण

नाटकांसाठी मुकुट, ढाली आणि शिरस्त्राणे तयार करण्याचे काम मी पुण्यात करतो. गेल्या डिसेंबरात एका ऐतिहासिक नाटकात आदिलशाही सरदाराची भूमिका करणारे, साठीच्या घरातले नट स्वतः पिशवीत शिरस्त्राण घेऊन आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोग होता. शिरस्त्राण दुसरीकडे करून घेतलेले होते आणि त्याच्या रंगाचे पोपडे सुटले होते, तेवढे रंगवून द्यावे, असा नाटकमंडळीचा निरोप होता. ते मात्र कपाळावरचा ओरखडा दाखवत म्हणाले, ‘‘रंगाचं राहू द्या हो. हे घातलं की मला समोरच्याचा संवादच ऐकू येत नाही.’’

मी ते उलटे करून आत पाहिले आणि रंगाचा डबा बाजूला ठेवला. फायबरचे दोन अर्धे भाग सुमारे पाच मिलिमीटर वरखाली जोडले होते आणि ही चूक बाहेरून पुट्टीने लपवली होती; आतल्या सांध्यावर ग्लास मॅटची, म्हणजे काचतंतूंच्या चटईची, एक पट्टीही नव्हती. नाकपट्टीच्या बोल्टचे टोक आत उघडे राहिले होते. मानेवर येणारी, बारीक कड्यांची सगळी झालर चार रिव्हेटांवर लोंबत होती, त्यामुळे टोप सतत मागे ओढला जाई. तो घसरू नये म्हणून कोणीतरी दोन्ही कानांवर फोमचे जाड तुकडे चिकटवले होते. पोपड्यांचे कारण त्यामानाने साधे होते: फायबर साच्याला चिकटू नये म्हणून लावलेले मेण न पुसताच रंग दिला होता.

जुन्या शिरस्त्राणांत झालर कडेच्या बारीक छिद्रांच्या रांगेतून ओवलेली असते, म्हणून तिचे वजन सगळ्या घेरावर वाटले जाते. जिरेटोपातला ‘जिरे’ म्हणजेही मुळात फारसीतले कड्यांचे चिलखत. ते डोक्यावर पेलायचे कसे, हे त्या कारागिरांनी पुरते जाणले होते, आणि आपण हलके फायबर हाती असूनही ते विसरावे, याचे मला मनापासून वाईट वाटले.

सांध्यावरून आरीचे पाते चालवताच पुट्टीचे तुकडे गळून पडले. दोन्ही भाग चिकटपट्टीने समपातळीत बांधून आतून ऐंशी नंबरच्या कागदाने घासले आणि मॅटचे दोन थर बसवले. थंडीत मॅट धरून ठेवणारे रेझिन लवकर धरत नाही आणि घाईने त्याला घट्ट करणारा हार्डनर वाढवला तर सांधा तापून ठिसूळ होतो, म्हणून दोन दिवे लावून दुपारपर्यंत थांबलो. नाकपट्टीची मध्यरेषा टोपावर न काढता, टोप त्यांच्या डोक्यावर ठेवून नाकाच्या सरळीत काढली. ती जुन्या छिद्रापासून बोटभर बाजूला आली. कानांवरचा फोम काढून आत सुती अस्तराचा नाडीवाला पट्टा शिवला. मग कडेला दर बारा मिलिमीटरवर छिद्र पाडून पितळी तारेने झालर ओवली. या ओवणीलाच रात्रीचे दहा वाजले.

मागच्या बाजूला सांध्यात केसाएवढी फट उरली होती. ती भरून, मेण पुसून, रंगाचा हात मी सकाळी दिला.

दुपारी त्यांनी टोप चढवला, नाडी ओढली आणि मान दोन्हीकडे फिरवली. माझ्या मदतनिसाने कार्यशाळेच्या दारातून, प्रयोगात येतो तितक्याच हळू आवाजात, समोरच्या पात्राचे वाक्य म्हटले. त्यांनी मान न वळवता लगेच आपले वाक्य टाकले.