दोन सिरिंजा आणि घाटातला ब्रेक

प्रयोगशाळेतला दोन सिरिंजांचा प्रयोग आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. नळीने जोडलेल्या, पाणी भरलेल्या दोन सिरिंजा. लहानीचा दट्ट्या दाबला की मोठीचा वर येतो. नळीत बुडबुडा राहिला, तर दट्ट्या नुसताच लिबलिबीत दबतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम शिकवणाऱ्या शाळेच्या स्मरणिकेत लिहायचं, तर गाडीच्या ब्रेकबद्दलच लिहायला हवं. तो हाच प्रयोग आहे, फक्त पाण्याच्या जागी ब्रेक ऑइल.

पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर ही लहान सिरिंज, चाकावरचा कॅलिपर ही मोठी. मास्टरचा पिस्टन, म्हणजे दट्ट्या, २० मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरचा ५० चा धरा. क्षेत्रफळ सव्वासहा पट, म्हणून जोरही तितकाच. पेडलची तरफ आधीच चौपट देते. म्हणजे पायाचा २० किलोचा दाब, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिमटणाऱ्या पॅडवर ५०० किलो होऊन पोचतो. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत वेगळीच. मोबदल्यात चाल घटते: एका चाकापुरतं पाहिलं, तर मास्टरचा पिस्टन १ मिलिमीटर सरकला की कॅलिपरचा ०.१६ सरकतो. म्हणून थोडीशी हवाही पेडलची सगळी चाल खाऊन टाकते.

पेडल स्पंजासारखं लागलं तर बहुधा हवा. दाबून धरलं असता हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधलं रबर गेलं. दगडासारखं कडक झालं तर बूस्टरचा व्हॅक्यूम तपासा.

खरी परीक्षा घाटात. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना गाडी ५०० मीटरहून जास्त खाली येते. १,२०० किलोच्या गाडीची ५०० मीटरची ऊर्जा सुमारे ५९ लाख ज्यूल, म्हणजे १८ लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीला आणेल एवढी! हवेच्या आणि टायरच्या विरोधात काही जाते. उरलेली, गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर, सगळी डिस्क आणि ड्रमवर पडते. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनही गाडीला आवरतं. न्यूट्रलने इंधन वाचतं ही समजूत चुकीची आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन तोडलं जातं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन ते पीत राहतं. इंजिन बंद करून उतरणं तर सर्वांत घातक, कारण दोन-तीनदा ब्रेक दाबला की बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. तापलेल्या कॅलिपरमध्ये त्याची वाफ झाली की पेडल थेट तळाला. म्हणून दर २ वर्षांनी, कोकणातल्या दमट हवेत तर न चुकता, ते बदला. त्यात इंजिन ऑइल कधीही घालू नका, रबर फुगतं. पातळी उतरली असेल तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. आधी गळती आणि पॅडची झीज बघा.

हवा काढताना गाडीच्या मॅन्युअलमधला क्रम पाळा. जुन्या गाड्यांत सहसा मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. निपलला, म्हणजे चाकाजवळच्या हवा काढायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी, तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलेलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करून पुन्हा आवळायचं आणि मगच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की बाहेर काढलेली हवा परत आत. ब्रेक ऑइलची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. बुडबुडे थांबल्यावर पेडल उंच आणि घट्ट लागतं. त्यावर पाय ठेवून इंजिन सुरू केल्यावर ते किंचित खाली बसलं, तर बूस्टरही ठीक आहे.