रेबेका कुठे दिसते?

शुक्रवार, रात्रीचे पावणेएक

संध्याकाळपासून पाऊस नुसता कोसळतोय. हे नाशिकला अडकलेत, त्यामुळे घरात आई (म्हणजे माझ्या सासूबाई) आणि मी, दोघीच. जेवणं लवकर उरकली आणि आज एकदाचा हिचकॉकचा 'रेबेका' हा जुना इंग्रजी सिनेमा लावला.

लावला म्हणण्यापेक्षा लागला. भाच्याने दिवाळीत अमेरिकेहून ही ब्लू-रे आणली तेव्हा मी उड्याच मारल्या होत्या, आणि दहाव्या मिनिटाला उड्या बंद. आमच्या प्लेयरला ती चालेना. ब्लू-रेवाल्यांनी जगाचे तीन तुकडे केलेत. अमेरिका 'ए'त, युरोप 'बी'त आणि आपण 'सी'त. 'ए'ची तबकडी 'सी'च्या प्लेयरला चालत नाही. सहा महिने डबी टीव्हीखाली पडून होती, मी तिच्यावरची धूळ पुसत होते. परवा ओळखीतल्या एकांनी सगळ्या विभागांच्या तबकड्या चालवणारा जुना प्लेयर दिला तेव्हा कुठे मुहूर्त लागला.

चित्र सुरू झालं तर आईंचा पहिला प्रश्न, "दोन्ही बाजूंना काळं का गं? टीव्ही बिघडला का?" त्यांना सांगितलं की जुना सिनेमा जवळजवळ चौकोनीच असायचा. मागे भाच्याने एक जुना सिनेमा रिमोटवरून ताणून पडदाभर केला होता, सगळे नट गाल सुजल्यासारखे दिसत होते. त्यापेक्षा ह्या काळ्या पट्ट्या बऱ्या.

आज निम्माच पाहून झाला. मला बघायचं होतं ते वेगळंच, ते आधी लिहून ठेवते. हा सिनेमा मी कॉलेजात असताना पाहिला होता, व्हिडिओ कॅसेटवर. कुणी कुणाकडून उतरवून घेतलेली, चौथ्या-पाचव्या हाताची कॅसेट. पडद्यावर मुंग्या, आवाजात खरखर, आणि अंधारातले प्रसंग म्हणजे निव्वळ काळा चौकोन. पण त्यातलं एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं पक्कं आहे: रेबेका, म्हणजे नायकाची मेलेली पहिली बायको, खिडकीशी पाठमोरी उभी, केस मोकळे, समुद्राकडे बघतेय. ह्यांचं म्हणणं, असं दृश्य सिनेमात नाहीच, रेबेका अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाही. ह्यावर आमचं लग्नानंतर लगेचच भांडण झालं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. पैज आहे. हरेल त्याने महिनाभर सकाळचा चहा करायचा.


शनिवार, दुपारी

पाऊस थांबायचं नाव नाही. सकाळी पोळ्या लाटता लाटता आईंना राहिलेली गोष्ट सांगावी म्हटलं, तर त्यांनीच मला थांबवलं. "सांगू नकोस. आपण बघू."

काल त्या मध्येच एकदम सावरून बसल्या होत्या. मॅक्झिम आपल्या नव्या बायकोला घेऊन मँडरलीच्या वाड्यात येतो. दिवाणखान्यात नोकरांची रांग उभी. ती भिजलेली, केस विस्कटलेले. आणि रांगेतून पुढे येते काळ्या पोशाखातली मिसेस डॅन्व्हर्स, घराची कारभारीण. नव्या बायकोच्या हातातले हातमोजे गळून पडतात, दोघी एकदमच वाकतात. आई म्हणाल्या, "अगं, ही तर ललिता पवार!"

मला आधी कळेना. मग उलगडा झाला. 1964 चा 'कोहरा'! बिरेन नाग दिग्दर्शक, हेमंतकुमार निर्माते आणि संगीतकारही. ह्याच गोष्टीवर बेतलेला. वहिदा रेहमान नवी बायको, बिस्वजीत नवरा, आणि ह्या कारभारणीच्या जागी दाईमाँ झालेली आपली येवल्याची ललिता पवार. आईंनी तो लग्नाला वर्ष होत असताना थिएटरात पाहिलेला. "ह्यांच्याबरोबर पहिल्यांदाच एकटीने सिनेमाला गेले होते. 'ये नयन डरे डरे'ला हे गुणगुणत होते आणि मी पदर घट्ट धरून बसलेली." ('ह्यांच्याबरोबर एकटीने', हे आईंचं मराठी. म्हणजे बरोबर नणंदा नव्हत्या.)

डॅन्व्हर्स झालेली ज्युडिथ अँडरसन आणि ललिता पवार शेजारी ठेवून पाहायला मला आवडेल. ललिता पवारांचा तो अधू डोळा नुसता वळला तरी पडद्यावरच्या सुनांची गाळण उडायची. अँडरसन त्याच्या उलट, चेहऱ्यावरची रेघही हलू देत नाही. हिचकॉकने त्रुफो ह्या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितलंय की डॅन्व्हर्स चालताना सहसा दाखवायचीच नाही असं त्याने ठरवलं होतं. नायिका मान वर करते तर ती आधीच तिथे उभी. येण्याचा आवाज नाही, दार नाही, पाऊल नाही. मी मागे-पुढे करून तपासलं. अगदी चालतच नाही असं नाही, रेबेकाच्या खोलीत चांगली हिंडते. ते बरोबरच आहे म्हणा. त्या एका खोलीतच ती जिवंत असते.

ती खोली. मी आज सकाळी चहा घेता घेता तेवढाच प्रसंग पुन्हा लावला. कॅसेटवर ह्यातलं काहीच दिसलं नव्हतं! छतापर्यंत गेलेले झिरझिरीत पडदे, त्यांतून झिरपणारा उजेड, फुलांच्या सावल्या. करडा हा एक रंग नसून पंधरा-वीस रंग आहेत, हे मला आज ह्या वयात कळलं. डॅन्व्हर्स कपाट उघडते, फरच्या कोटाची बाही आधी स्वतःच्या गालावरून फिरवते, मग नायिकेच्या. मग उशीवरून रेबेकाचा रात्रीचा झगा काढते, त्याची पिशवी तिने स्वतः भरतकाम करून शिवलेली, वर 'आर' हे अक्षर. झग्याच्या आत हात घालते आणि दाखवते, बघा, किती तलम, माझा हात दिसतोय आरपार. मी तिथे चित्र थांबवलं. कापडाआड ती बोटं अगदी स्पष्ट दिसतात. जॉर्ज बार्न्सला ह्या सिनेमाच्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं मिळालं ते निर्माता सेल्झनिकला. हिचकॉकला दिग्दर्शनाचं ना तेव्हा मिळालं, ना पुढे कधी.

चहा गार झाला.


शनिवार, रात्री

पूर्ण झाला. दोन तास दहा मिनिटांचा सिनेमा, आम्हाला दोन रात्री आणि मधली एक सकाळ लागली. सारखं थांबवत पाहिल्यावर दुसरं काय होणार. थिएटरात हिचकॉक तुम्हाला बाहीला धरून ओढत नेतो. घरी मी त्याची बाही धरते. असं पाहणं त्याला आवडलं नसतं, पण मला भलतंच आवडलं.

उदाहरणार्थ, सुरुवातीला ती मोंटे कार्लोमधली श्रीमंत बाई, जिच्याकडे आपली नायिका पगारी सोबतीण म्हणून राहते. ती आपली सिगरेट चक्क कोल्डक्रीमच्या बरणीत विझवते. अर्ध्या सेकंदाचं काम. त्यानंतर त्या बाईबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. आईंनी "शी!" म्हटलं आणि पुन्हा दाखवायला लावलं.

किंवा तो घरी सिनेमा पाहण्याचा प्रसंग. मॅक्झिम प्रोजेक्टर लावून मधुचंद्राची फिल्म बायकोला दाखवतोय. पडद्यावर दोघं हसताहेत. खोलीत मात्र हिचा जीव टांगणीला लागलेला, कारण हिने रेबेकाच्या मेजावरची चिनी मातीची बाहुली फोडून तुकडे खणात लपवलेत आणि आळ एका नोकरावर आलाय. स्वतःच्याच घरात मालकीण चोरासारखी! फिल्म मध्येच तुटते. पुढे हिच्या तोंडून लोकांच्या कुजबुजीबद्दल काहीतरी निसटतं, तर मॅक्झिम उठून प्रोजेक्टरच्या झोतासमोर उभा राहतो आणि हिच्या तोंडावरचा उजेडच जातो. आम्हीही दोघी अंधारात, तोंडावर पडद्याचा उजेड घेऊन बसलेल्या. आईंनी हळूच दिवा लावला.

नायिका झालेली जोन फॉन्टेन तेव्हा जेमतेम बाविशीची. तिला सारखं बुजल्यासारखं ठेवायला सेटवर कुणालाच तू आवडत नाहीस असं हिचकॉकने तिच्या मनात भरवून दिलं होतं, आणि मॅक्झिम झालेल्या ऑलिव्हिएला त्या जागी व्हिव्हियन ली हवी असल्याने तो तसाही फटकूनच वागत होता. ही रीत मला पटत नाही. पण ते खांदे आत ओढून घेणं, हातातली पर्स कुठे ठेवावी ते न कळणं, हे अभिनयाचं आणि छळाचं कितपत कितपत आहे, ते पडद्यावरून वेगळं काढता येत नाही. तबकडीवर ह्या भूमिकेसाठी घेतलेल्या चाचण्याही आहेत. व्हिव्हियन ली ह्याच नायिकेचं काम करून दाखवते, आणि बघताक्षणी कळतं की हिला कोणी डॅन्व्हर्स घाबरवू शकणार नाही. हीच डॅन्व्हर्सला चार दिवसांत माहेरी पाठवेल.

आता पैजेचं. समुद्राकाठच्या झोपडीत मॅक्झिम सगळं कबूल करतो तो प्रसंग. दुसरा कुणी असता तर जुना काळ दाखवला असता: रेबेका, तिचा झगा, तिचं हसणं. इथे काहीच नाही. मॅक्झिम नुसता सांगतो, ती ह्या दिवाणावर पडली होती, आणि कॅमेरा रिकाम्या दिवाणावर जातो, शेजारी सिगरेटच्या थोटकांची थाळी. मग ती उठली, माझ्याकडे चालत आली. आणि कॅमेरा उठतो, चालत येतो. रिकाम्या जागेच्या मागे मागे फिरतो. मी हा तुकडा चार वेळा पाहिला, एकेक चित्र पुढे सरकवत. दिवाण, थाळी, भिंत, दार. कुणीही नाही. आणि तरी प्रत्येक वेळी तिथे बाई आहे! (सिनेमा ज्या कादंबरीवर बेतलाय तिच्यात तो बायकोला गोळी घालतो. त्या काळच्या हॉलिवूडच्या नियमांत खुनी नवरा मोकळा सुटलेला चालत नसे, म्हणून इथे ती पडून डोकं आपटून मरते. पळवाटच आहे, आणि माझ्या मते सिनेमातली एकुलती एक लटकी जागा.)

खिडकीशी पाठमोरी उभी बाईही कुठे नाही. वाड्यातली मोठी तसबीर रेबेकाची नाही, मॅक्झिमच्या कुणा पूर्वज बाईची आहे. खिडकीचा प्रसंग आहे, पण खिडकीत उभी असते ती आपली नायिका, आणि मागून डॅन्व्हर्स कानाशी लागून सांगत असते की खाली उडी टाक. संगीतकार फ्रान्झ वॅक्समनने रेबेकाच्या चाहुलीसाठी नोव्हाकॉर्ड नावाचं तेव्हाचं अगदी नवं विजेचं वाद्य वापरलंय. ते थरथरत वाजलं की वाटतं आता दिसेल. दिसत नाही. ते मोकळे केस मी कुठून आणले देव जाणे. 'कोहरा'तल्या 'झूम झूम ढलती रात'मधून आणले असतील, नाहीतर त्या कॅसेटवरच्या मुंग्यांतून.

हिचकॉक स्वतः मात्र सापडला. शेवटाकडे, फोनच्या खोक्यापाशी. थांबवल्याशिवाय कळतसुद्धा नाही.

चहाचं ह्यांना अजून कळवलेलं नाही.


रविवार

काल सिनेमा संपल्यावर, म्हणजे जळता वाडा आणि ज्वाळांत जाणारी ती 'आर'ची उशी बघून झाल्यावर (सेल्झनिकला म्हणे आकाशात धुराचा 'आर' हवा होता, हिचकॉकने उशीवर भागवलं ते बरं केलं), आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्या मुलीला नाव नाही का गं?"

नाहीच. कादंबरीतही नाही. सगळे तिला मिसेस डी विंटर म्हणतात, आणि ते तर रेबेकाचंच नाव. नवरा लाडाने काहीबाही म्हणतो तेवढंच.

"बिजवराला दिलेली," आई म्हणाल्या. सिनेमाबद्दल मी गेले दोन दिवस पानंच्या पानं खरडतेय, त्यांनी दोन शब्दांत उरकलं. मग त्यांनी मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या सासूबाईसुद्धा बिजवराला दिलेल्या, चौदाव्या वर्षी. लग्नातच त्यांच्या गळ्यात सवतीचा टाक घातला होता. मेलेल्या पहिल्या बायकोचा चांदीचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा, म्हणजे ती त्रास देत नाही. नवं लुगडं नेसलं की आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. "सासूबाई सांगायच्या, रात्री कुशीवर वळलं की तो टोचायचा."

"मग तो टाक कुठे गेला?"

"जातोय कुठे? देवघरात आहे. तू रोज पूजा करतेस की."

आज सकाळी पूजेच्या वेळी मी टाक ताम्हणात काढून घेतले. खंडोबाचा, भवानीचा, वीराचा, आणि चौथा लहानसा, वर कडी असलेला. आजवर मी त्याला कुठलीतरी देवीच समजत होते. खिडकीशी नेऊन उजेडात धरला. इतक्या वर्षांच्या घासण्या-पुसण्याने त्यावरचं सगळं झिजलंय. लुगड्याच्या निऱ्या तेवढ्या बोटाला लागतात, डोक्यावरच्या पदराची रेघ पुसट दिसते. चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत चांदी.

आईंना विचारलं, हिचं नाव काय होतं? त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. सासूबाई नेहमी 'थोरली' म्हणायच्या, म्हणाल्या. नाव त्यांच्याही तोंडून कधी ऐकलं नाही.

हे दुपारच्या गाडीने येताहेत. टाक रांगोळीने घासून पुन्हा जागेवर ठेवलेत. ह्या एकाला मात्र आज रांगोळी लावली नाही, नुसत्या पाण्याने धुतला.