फुगलेला कॅट

“तुम्ही एकदम तीन पत्ते उचललेत.”

पहिल्या रांगेतले काका हे ओरडून म्हणाले नाहीत. वाण्याच्या बिलात बेरीज चुकलीय हे सांगावं, तसं सांगितलं. माझ्या हातात असायला हवी होती बदाम राणी आणि सगळ्यांना दिसत होती किलवरची पंजी. नेमके किती पत्ते उचलायचे होते ते मी इथे सांगणार नाही, पण तीन नक्कीच नव्हते.

जुलैतला रविवार. कोपरखैरण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन, त्यात माझा जादूचा प्रयोग, चाळीस-पन्नास माणसं, वेळ संध्याकाळी पाचची. मी राहतो नौपाड्यात. ठाण्याहून वाशीची गाडी पकडली तेव्हा पाऊस आडवा होऊन थेट डब्यात येत होता. बॅगेत दोऱ्या, रुमाल, कप, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. पत्ते मात्र शर्टाच्या खिशात. प्रयोगाआधी कॅट अंगाशी असला की मला बरं वाटतं, बाकी काही कारण नाही. एकीकडून घाम, दुसरीकडून पाऊस. घणसोली येईपर्यंत त्या कागदाने प्यायचं तेवढं पाणी पिऊन घेतलं होतं.

कॅट बायसिकलचा, लाल. पाठीवर सायकलवर बसलेला पंखवाला देवदूत असतो तोच. अमेरिकेत 1885 पासून हे पत्ते निघतात आणि जगभरचे हातचलाखीवाले त्यांच्यावरच हात बसवतात. त्याचं कारण नुसतं नाव नाही. पाठीला चारी बाजूंनी पांढरी किनार असते, त्यामुळे कॅटमध्ये एखादा पत्ता मुद्दाम उलटा ठेवला, तर पसरताना त्याची पांढरी कड बाकीच्यांच्या किनारीत मिसळून जाते. बिनकिनारीच्या पत्त्यांत तोच उलटा पत्ता दात दाखवतो. वरच्या थरावर बारीक खळगे उठवलेले असतात, त्यांत हवा राहते आणि पत्ता पत्त्यावरून न अडता सरकतो. दोन कागद चिकटवून एक पत्ता होतो आणि मधला गोंद काळपट असतो, म्हणजे दिव्यासमोर धरला तरी पलीकडचा राजा दिसू नये. खराब झालेला एखादा पत्ता फाडून बघा, फाटलेल्या कडेत पेन्सिलीने ओढल्यासारखी रेघ दिसते. मी नवीन छापाचा कॅट आणला की एक जोकर असा बळी देतो. बायकोला ते आवडत नाही.

आकाराचं म्हणाल तर हे पत्ते पोकरच्या मापाचे, 63 मिलिमीटर रुंद. आपल्याकडे रमीला फिरतात ते बहुतेक ब्रिजच्या मापाचे, 57 मिलिमीटर. उंची दोघांची सारखीच, 88. तळव्यात पत्ता दडवायला खरं तर अरुंदच बरा पडतो. पण पंखा उघडला की शेवटच्या रांगेपर्यंत दिसतो तो रुंद पत्ता, म्हणून मी त्याच्याच बाजूचा.

हे सगळं ऐन पावसाळ्यात निरुपयोगी ठरतं. कागद फुगतो, पत्ते बाक धरतात, खळग्यांतली हवा जाते आणि चार-चार पत्ते गळ्यात गळे घालून बसतात. त्यावर झिंक स्टिअरेटची पूड चोळतात, अगदी चिमूटभर. सुरुवातीच्या काळात मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मी कॅरमची बोरिक पावडर लावली होती. पत्ते सरकले झकास, पण वाढदिवसाच्या केकवर जे काय पडलं त्याचं उत्तर देताना नाकी नऊ आले. त्या रविवारी पूड होती, घरी, टेबलावर.

तर किलवरची पंजी. समोर बसलेली माणसं म्हणजे लहान मुलं नव्हेत. यांनी तरुणपणी जादूगार रघुवीरांचे प्रयोग तिकीट काढून पाहिलेले, आणि आता रोज दुपारी दोन ते पाच रमी. पत्ता जाड दिसला की त्यांना पाठ बघूनच कळतं. मी हसून दुसरा खेळ काढायला गेलो, तर मागून एक आजोबा म्हणाले, “अहो, ते पत्तेच तुमचे. फॉरेनचे. त्यात काय ते यंत्र असणार.”

हे ऐकून मला वाईट वाटलं आणि त्यांचं म्हणणं पटलंही. अमेरिकेत हा कॅट कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, घराघरात असतो, म्हणून तिथे तो निरागस. तिथला जादूगार तो काढतो तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, हा तर आपल्या कपाटातला. कोपरखैरण्यात मात्र तो खिशातून निघाला की लगेच डोळे बारीक होतात. सोळा वर्षं मी माझ्या बोटांना काय आवडतं ते बघून पत्ते निवडत आलो. समोरच्याच्या कपाटात कोणते असतील, हा विचारच केला नव्हता.

सेक्रेटरी काकू उठल्या. “आमचे घ्या. मग तर झालं?” त्यांनी कपाटातून फरसाणाचा पत्र्याचा डबा काढला. आत रबरबँड लावलेले दोन कॅट, प्लास्टिकचे, ब्रिजच्या मापाचे, पाठीवर कडेपर्यंत जाळी, किनार नाहीच. प्लास्टिकला दमट हवेचं काही वाटत नाही, हे त्याचं मोठं सुख. पण ते हातातून साबणासारखे निसटतात, आणि एखादा पत्ता किंचित वाकवून खूण ठेवावी तर लगेच ताठ होतात. असो. मी पिसले आणि एका आजींना म्हटलं, एक पत्ता काढा, कोणाला दाखवू नका.

आजींनी काढला, छातीशी धरला. शेजारच्या आजी पाठीकडे बघून म्हणाल्या, “इस्पिक गुलाम.”

“तुम्ही पाहिलात?”

“पाहायचं काय त्यात? त्याच्यावर चहा मीच सांडला होता.”

हॉलमध्ये हशा. मग सगळेच सुरू झाले. चौकट एक्क्याचा कान दुमडलाय. बदाम दश्शीला देशपांड्यांच्या नखाची रेघ आहे. इस्पिकची तिर्री हरवली म्हणून जोकरवर बॉलपेनने तीन लिहिलंय आणि ते पाठीकडून उमटलंय. थोडक्यात, त्या डब्यातले सगळे पत्ते सगळ्यांना पाठमोरे ओळखू येत होते आणि त्याच पत्त्यांवर ही मंडळी रोज दहा पैसे पॉइंटने रमी खेळत होती. हे उघड झाल्यावर दोन काकांमध्ये मागच्या महिन्यातल्या एका डावावरून जे सुरू झालं, ते मिटवायला पाच मिनिटं गेली. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात घाम पुसून घेतला.

मीच म्हटलं, खाली स्टेशनरीचं दुकान आहे ना, तिथून कोणीतरी नवा कॅट घेऊन या. खजिनदार छत्री घेऊन गेले आणि पन्नास रुपयांचा एक डबा घेऊन आले. सील मी फोडलं नाही. “तीन पत्ते” म्हणणाऱ्या काकांच्याच हातात दिलं.

कॅट हातात आला आणि माझं धाबं दणाणलं. पातळ पुठ्ठा. वरून मेणचट वॉर्निश. कडांना कापसासारखे तंतू, त्यामुळे पत्ते एकात एक विणून पिसायचा तर प्रश्नच नाही. कापताना पातं ज्या बाजूने शिरतं ती कड जराशी गोल होते आणि पलीकडची धारदार राहते, म्हणून चांगल्या पत्त्यांतही विणकाम एकाच बाजूने सहज जमतं. इथे दोन्ही बाजूंनी नुसती दाढी. मी आपली साधी हातावर हात मारून पिसणी सुरू केली, आपण मेंढीकोट खेळताना पिसतो तशी. डोक्यावर दोन पंखे पाचवर. टेबलावर पत्ते पसरायची सोय नाही, उडून जातील.

पिसता पिसता पाठीकडे नजर गेली. निळी वेलबुट्टी, भोवती पांढरी किनार. एका बाजूची किनार दुसरीपेक्षा रुंद होती. फार नाही, दीडेक मिलिमीटर. पुढचा पत्ता, तसाच. त्याच्या पुढचा, तसाच. छापील कागद कापायच्या डायखाली थोडा सरकला असणार, आणि सरकला तो सगळ्या बावन्न पत्त्यांसाठी एकाच बाजूला. शौकीन माणूस असा कॅट परत करतो. माझ्या हातांनी मात्र पिसणं आपोआप हळू केलं.

पुढचं मी अर्धंच सांगतो. काकांना एक पत्ता काढायला लावला. त्यांनी तो शेजाऱ्यांना दाखवला, मग मागच्या रांगेला, पार दारातल्या वॉचमनलासुद्धा. परत घालायला आले तोवर कॅट माझ्या हातातच होता, तो तिथे जितका फिरायचा तितका फिरला. त्यांनी स्वतः पिसला. त्यांच्या शेजाऱ्यांनी पिसला. सगळे रमीवाले, पण सुदैवाने जुन्या वळणाचे, हातावर पिसणारे. टेबलावर दोन ढीग समोरासमोर धरून कोणी पिसला असता, तर मी आज काही वेगळंच लिहीत असतो.

मी पंखा उघडला, निळा, पांढऱ्या किनारीचा. एक्कावन्न किनारी एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. डोळे मिटल्यासारखे केले, थोडं नाटक केलं, तेवढं करावंच लागतं, आणि तो पत्ता काढून टेबलावर पालथा ठेवला. काकांना म्हटलं, आधी नाव सांगा.

“चौकट नव्वी.”

“आता तुम्हीच उलटा.”

त्यांनी उलटला. दोन क्षण कोणी काही बोललं नाही. मग “यंत्र”वाले आजोबाच पहिले टाळ्या वाजवायला लागले. खजिनदार सगळ्यांना सांगत सुटले, “मी आणलाय, मी आणलाय, पन्नास रुपयांचा.” माझ्यापेक्षा जास्त शाबासकी त्यांना मिळाली. ते बरोबरच होतं, कारण त्या प्रयोगात सगळ्यात मोलाची गोष्ट त्यांची ओली छत्री होती.

नंतर चहा आणि बटाटेवडे. मी कोपऱ्यात सामान आवरत होतो. आतापर्यंत एक शब्दही न बोललेले एक सडपातळ काका, कानात यंत्र, प्लेट घेऊन शेजारी येऊन बसले. चौकट नव्वी उचलली. अंगठ्याच्या नखाने आधी एक कड चाचपली, मग दुसरी.

“मी एकतीस वर्षं प्रेसमध्ये होतो,” ते म्हणाले. “कटिंगला.”

मी वडा तोंडातच धरून थांबलो.

“पिसायला माझ्याकडेपण आला होता कॅट. हे असं सरकलेलं निघालं ना, की सुपरवायझर आमची सालं काढायचा.” त्यांनी पत्ता बाकीच्यांवर ठेवला, रुंद किनार रुंद किनारीवर येईल असा अर्धा फेरा देऊन, आणि कॅट नीट चौकोनी करून माझ्याकडे सरकवला. “चहा घ्या. गार होतोय.”

“काका, तुम्ही तेव्हा बोलला नाहीत.”

“त्या खजिनदाराला इतकं खूश मी वर्षभरात बघितलं नव्हतं.”

निघताना पाऊस थांबला होता. खाली ते दुकान उघडंच होतं. मी आत गेलो आणि विचारलं, तसे पत्ते अजून आहेत का? चार होते. चारही घेतले. दुकानदाराने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“रमी की तीन पत्ती?”

“जादू.”

“हो का,” म्हणाला आणि पिशवी देताना जरा जोरात आपटली. पंचवीस पावलांवर ज्येष्ठ नागरिक संघ, आणि हा कोण चार-चार कॅट नेणारा.

रात्री घरी चारही फोडले. किनारी चारही बाजूंनी अगदी सारख्या, फूटपट्टी लावून बघितलं. त्यातला एक मी आता जवळ बाळगतो, पन्नास रुपयांचा, तंतू सुटलेला. विणकाम जमत नाही, पंखा मध्येच अडकतो. लोक मात्र तो बघून “अरे, आमच्याकडे आहेत असे” म्हणतात. सरकलेला कॅट वेगळ्या डब्यात आहे, सिलिका जेलच्या तीन पुड्यांसकट. बायसिकलचा कॅट अजून सुकतोय, जाड डिक्शनरीखाली.