पाठीत खंजीर, गुणिले अडीच

शुक्रवारी दुपारी टेस्टिंगच्या खोलीत एक पोरगा हेडफोन टेबलावर आपटून उठला. "दादा, तो माझ्या समोर होता! सरळ तोंडावर. आणि स्क्रीनवर काय येतंय? पाठीत वार!"

मी पुण्यातल्या एका छोट्या गेम स्टुडिओत कॉम्बॅट डिझायनर आहे. म्हणजे कोणत्या शस्त्राने किती हेल्थ जायची, हे एक्सेलमध्ये ठरवतो. आईला हे अजून नीट समजावता आलेलं नाही. तेव्हा आम्ही पंधराव्या शतकातल्या इंग्लंडवरचा मल्टिप्लेअर खेळ करत होतो. सोळा विरुद्ध सोळा, तलवारी, परशू, अंगभर चिलखतं. प्रत्येकाची हेल्थ १००. रॉन्डेल खंजिराचा वार ४०, पण पाठीमागून बसला तर गुणिले अडीच. बरोबर शंभर, गडी बाद. आकडा माझा नव्हता, पण होकार माझाच होता.

अडीच पटीचा हट्ट आमच्या अ‍ॅनिमेटरचा. शनिवार-रविवारी तो जुन्या युरोपीय तलवारबाजीचा सराव करतो, त्यामुळे खऱ्या लढाईचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्याचा. त्याच्या डेस्कवर तिसऱ्या रिचर्डच्या सांगाड्याचा फोटो चिकटवलेला आहे. हा राजा १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत पडला आणि २०१२ साली लेस्टरमध्ये एका कार पार्कखाली सापडला. कवटीच्या मागे, खालच्या बाजूला केवढा तरी घाव. "मागून वार झाला की राजासुद्धा उठत नाही," हे तो प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणायचा.

पोराची तक्रार घेऊन मी आमच्या नेटवर्कवाल्या मुलीकडे गेलो. तिने लॉग उघडला आणि हसली. "दोघंही खरं बोलतायत." मारणारा घरून खेळत होता, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) १४० मिलिसेकंदांच्या आसपास. त्याने वार केला तेव्हा त्याच्या स्क्रीनवर आपल्या पोराची पाठच होती. पोरगा तोवर वळला होता, पण ते वळणं मारणाऱ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. सर्व्हर अशा वेळी घड्याळ मागे फिरवून मारणाऱ्याला जे दिसलं तेच खरं धरतो. त्यात आम्ही मागचं अख्खं अर्धवर्तुळ 'पाठ' म्हणून मोजत होतो. जरासा खांदा वळला तरी पाठ!

मग तिने मॅचचा रिप्ले वरच्या कॅमेऱ्याने लावला. लढाई कसली, भोंडला चालला होता. जो तो दुसऱ्याच्या मागे जायला गोल गोल फिरतोय. उरलेले भिंतीला पाठ टेकवून उभे. अडचणीतल्या साथीदाराच्या मदतीला कोणी पुढे येईना, कारण पुढे आलं की स्वतःची पाठ उघडी. मी लांब दांड्याचे परशू तोलण्यात तीन आठवडे घातले होते. त्यांना कोणी हात लावला नव्हता.

चहाला आम्ही तिघं भांडलो. अ‍ॅनिमेटरने पुन्हा रिचर्ड काढला, तेव्हा मी म्हटलं, बरं, त्याच्या सांगाड्याच्या तपासणीचा अहवालच बघू. मृत्यूच्या सुमाराच्या अकरा जखमा, त्यातल्या नऊ कवटीवर. हातांवर बचावाच्या खुणा नाहीत. म्हणून अभ्यासकांचा अंदाज असा की शिरस्त्राण गेलं होतं, बाकीचं चिलखत अंगावर होतं. मागून कमरेखाली झालेली एक जखम आहे खरी, पण ती बहुधा मेल्यानंतर, चिलखत उतरवल्यावरची.

"म्हणजे तुझा राजा पाठ दाखवली म्हणून मेला नाही, डोकं उघडं पडलं म्हणून मेला."

"पाठीचा पत्रा छातीपेक्षा पातळ असायचा," तो म्हणाला.

"अडीच पट पातळ?"

तो गप्प. कटिंग संपवून म्हणाला, "नाही रे."

मला जे म्हणायचं होतं ते तेव्हा कुठे नीट सुचलं. मागून येणाऱ्याचा वार अडवताच येत नाही, हेच त्याचं बक्षीस. एक वार फुकट मिळतो. त्यावर पुन्हा अडीच पट म्हणजे एकाच कामाचा दोनदा पगार. टीम फोर्ट्रेस २ या खेळातला स्पाय, म्हणजे हेर, पाठीत एका वारात मारतो, मान्य. पण वेषांतर करून, लपतछपत शत्रूच्या मागे पोचणं हाच त्याचा सगळा खेळ, आणि समोरासमोर तो फार टिकत नाही. तिथे किंमत मोजलेली असते. आमच्याकडे पोलादात मढवलेला सरदारही कमरेला खंजीर लावून फिरत होता.

संध्याकाळी अडीचचे सव्वा केले, म्हणजे वार ५० चा. पाठीचा कोन नव्वद अंशांवर आणला. उघड्या डोक्यावरचा वार मात्र जबर ठेवला, तेवढं अ‍ॅनिमेटरचं समाधान. पुढच्या फेरीत पहिल्यांदाच दोन रांगा समोरासमोर भिडल्या. दुपारचा पोरगा पुन्हा मागूनच मेला, पण दोन वारांत, आणि हेडफोन डोक्यावरच राहिले.

घरून खेळणाऱ्याचा मेसेज मात्र रात्री साडेअकराला आला: "आता खंजिराने काय भाजी चिरू?" त्याच्या तक्रारीचं तिकीट माझ्याच नावावर आहे, अजून उघडं.