अंगावर दूध आलं होतं का?

मेडिसिनची रेसिडेन्सी करत होते तेव्हाची गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास कॅज्युअल्टीत पस्तिशीतली एक बाई आणली, दोन दिवस जुलाब-उलट्या आणि आता हाक मारली तरी नीट ओ देत नव्हती. वरचं बीपी ७०, शुगर ४२. ग्लुकोज दिल्यावर डोळे उघडले पण दोन बाटल्या सलाईन जाऊनही बीपी काही हलेना, त्यात रक्तातलं सोडियम आलं ११४, म्हणजे फारच कमी. आम्ही सगळे गॅस्ट्रोच धरून चाललेलो. तेवढ्यात थर्मामीटर लावायला सिस्टरने तिचा हात उचलला तर काखेत एकही केस नाही.

मी सासूला बाजूला घेतलं. "मावशी, हिची पाळी येते का?"

"नाही हो बाई, धाकट्यापासून बंदच आहे." धाकटा आता ९ वर्षांचा.

"त्या वेळी रक्त फार गेलं होतं?"

"वार अडकली होती, चार बाटल्या चढवल्या."

"अंगावर दूध आलं होतं का?"

"थेंब नाही. आळीव झाले, मेथीचे लाडू, शतावरी, सगळं झालं. हीच नीट खायची नाही."

शीहान सिंड्रोम. गरोदरपणात मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वाढते पण तिचा रक्तपुरवठा त्या मानाने तोकडाच राहतो, मग बाळंतपणात खूप रक्त जाऊन बीपी पडलं की ग्रंथीचा पुढचा भाग मरतो. दूध, पाळी, काखेतले केस, थायरॉइड, कॉर्टिसोल, सगळं त्याच्याच हुकमावर चालतं, ते एकेक बंद पडतं. ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयात काम करणाऱ्या शीहान नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९३७ साली हे नीट मांडलं, आणि तरीही आपल्याकडे बायका वर्षानुवर्षं अशक्तपणाच्या गोळ्या खात फिरतात याचा मला खरंच त्रास होतो.

पिशवीत थायरॉइडच्या गोळ्या सापडल्या, तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी सुरू केलेल्या. कॉर्टिसोल म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड; ते कमी असताना आधी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, दिलं तर माणूस असाच कोसळू शकतो, म्हणून स्टेरॉइड आधी, थायरॉइड नंतर. कॉर्टिसोलसाठी रक्त काढलं आणि रिपोर्टची वाट न बघता १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून दिलं. सकाळच्या राउंडला बाई उठून बसलेली, चहा मागत होती. नंतर एमआरआयमध्ये पिट्युटरीची खोबण जवळजवळ रिकामी दिसली.

डिस्चार्जच्या दिवशी मी तिला समजावत होते की स्टेरॉइडची गोळी आयुष्यभर, एक दिवसही चुकवायची नाही, ताप आला तर डोस वाढवायचा, उलट्या झाल्या तर इंजेक्शनसाठी लगेच यायचं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाली, "मॅडम, ते दुधाचं का झालं ते एकदा आत्यांसमोर सांगाल?"

सासूबाई खाली औषधं आणायला गेल्या होत्या. मी थांबले.