तारा जमिनीखाली गेल्या तेव्हा

आमच्या भागात नवं सबस्टेशन होणार आणि खांबांवरच्या तारा जमिनीखाली जाणार असं ठरलं, तेव्हा सोसायटीतर्फे पाठपुरावा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिला वाद जागेचा. वीज सगळ्यांना हवी, पण ट्रान्सफॉर्मर शेजाऱ्याच्या कुंपणाला! ट्रान्सफॉर्मर जळला तर तो उचलायला क्रेन आत आली पाहिजे, असं इंजिनीअर म्हणाले आणि जागा एकच उरली.

मग लोडची, म्हणजे कुठे किती वीज लागणार याची यादी. घराघरातल्या एसी-गीझरची नुसती बेरीज करून ट्रान्सफॉर्मर ठरवत नाहीत, कारण सगळं एकाच वेळी चालत नाही. ई-गाड्यांचं तसं नाही. त्या रात्री एकदमच चार्जिंगला लागतात. म्हणून ते लोड मी वेगळं लिहून दिलं.

खोदकामाचा त्रास सगळ्यांना माहीत आहे. एकच सांगतो: केबलवर वाळू, फरश्या आणि धोक्याची पट्टी टाकून चर बुजवण्याआधी भिंतीपासूनच्या अंतराची टेप लावून फोटो काढून ठेवा. पुढे पाइपलाइनवाले खणायला आले की तोच नकाशा.

खरं लक्ष द्यायचं ते जॉइंटकडे, म्हणजे केबलचे दोन तुकडे जोडतात तिथे. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) केबलचा जॉइंट होताना मी ताडपत्रीखाली उभा होतो. जॉइंटरने आतल्या कोअरवरचा (इन्सुलेशन चढवलेल्या तारेवरचा) काळा थर इतक्या हलक्या हाताने सोलला की खालच्या पांढऱ्या इन्सुलेशनवर ओरखडा नाही. तिथे बारीकशी चीर किंवा धूळ राहिली तरी जॉइंट आज टेस्टिंगमध्ये पास होतो आणि पुढे कधीतरी फुटतो. पावसाची सर आली तेव्हा त्याने सरळ काम थांबवलं. मुकादम कुरकुरला, पण मला तो माणूस आवडला.

नव्या केबलवर सप्लाय आला त्या दिवशी दिवे लागले, पण लिफ्ट हलेना आणि पंप चालू असूनही टाकीत पाणी पडेना. तीन फेजच्या तारांचा क्रम उलटा लागला होता, म्हणून पंप उलटा फिरत होता. आमचा वायरमन पंपाच्या स्टार्टरच्या दोन वायरींची अदलाबदल करायला निघाला; मी थांबवलं. गडबड फीडर पिलरमध्ये (इमारतींना वीज वाटणाऱ्या पेटीत) होती, म्हणजे शेजारच्या इमारतींचे पंपही उलटेच फिरत असणार. शटडाऊन घेऊन तिथेच दोन फेजची अदलाबदल केली आणि सगळं सुरळीत झालं.

जुने खांब मात्र उभेच आहेत. त्यांच्यावर लटकलेल्या इंटरनेटच्या केबली कोणी काढायच्या, यावर पत्रापत्री चालू आहे.