दीड हजार मीटर आणि आमचे सर

आमच्या वेळी वह्या-पुस्तकांना सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत पानांची कव्हरं घालायचो. मासिक स्वस्त, कागद जाड, वर्षभर टिकायचा. माझ्या भूगोलाच्या वहीवर गव्हाचं शेत होतं आणि बीजगणिताच्या वहीवर सोव्हिएत जलतरणपटू व्लादिमिर साल्निकोव. हे दुसरं पान मला पीटीच्या सरांनी जपून आणून दिलं होतं.

साल १९८०, मी नववीत. मॉस्को ऑलिंपिकमध्ये आपण हॉकीचं सुवर्ण जिंकलं होतं, त्यामुळे शाळाभर तोच विषय. सरांनी मात्र एका ऑफ तासाला फळ्यावर भागाकार मांडला. दीड हजार मीटर पोहणं म्हणजे तलावाच्या पन्नास मीटरच्या तीस लेंग्थ. पंधरा मिनिटं म्हणजे नऊशे सेकंद. एका लेंग्थला तीस. "अख्ख्या जगात कुणाला हे जमलं नव्हतं. २२ जुलैला लेनिनग्राडच्या या वीस वर्षांच्या पोराला जमलं. १४ मिनिटं ५८.२७ सेकंद!" अमेरिकेने बहिष्कार टाकला म्हणून त्याचं फावलं, असं वर्गातलं कुणीतरी म्हणालं. सर एरवी शांत, पण त्या दिवशी उसळले. अमेरिकेच्या ब्रायन गुडेलचा विश्वविक्रम १५:०२.४० होता, तोच मोडलाय त्याने; गुडेल शेजारच्या लेनमध्ये नव्हता म्हणून घड्याळ काही हळू चाललं नाही, हे त्यांचं उत्तर.

आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली ठाण्याची पोरं. दणादण हात मारायचे आणि दम लागला की काठ धरायचा, एवढंच पोहणं ठाऊक. सर आम्हाला पहाटेच्या लोकलने दादरला, शिवाजी पार्कजवळच्या तरणतलावावर घेऊन जात. पोहताना कान पाण्यात, ओरडून उपयोग नाही, म्हणून सरांनी शाळेतली एक दगडी पाटी सोबत घेतलेली असे. टर्नच्या टोकाला उकिडवे बसून ते प्रत्येक लेंग्थचे सेकंद खडूने मोठ्ठे लिहीत आणि आम्ही भिंतीला पाय लावायच्या आत पाटी समोर धरत. पाण्याच्या शिंतोड्यांनी खडू फिसकटायचा, मग बाहीने पुसून पुन्हा लिहायचं. माझा आकडा त्रेचाळीसच्या आसपास. पहिल्याच लेंग्थला पस्तीस आले की मला आनंद आणि सरांच्या कपाळाला आठी! सुरुवातीला उडवलेले ते आठ सेकंद विसाव्या लेंग्थला दामदुपटीने वसूल होतात, खांद्यांचा दगड होतो, हे मला फार उशिरा कळलं. सरांना पाटीवर एकच आकडा पुन:पुन्हा लिहायला मिळाला की ते खूश.

साल्निकोवने फेब्रुवारी १९८३मध्ये आपलाच विक्रम १४:५४.७६वर आणला. पुढच्याच वर्षी लॉस एंजलिस ऑलिंपिकवर सोव्हिएत संघाने बहिष्कार टाकला आणि तिथलं सुवर्ण १५:०५.२०ला गेलं. ऐन भरातली वर्षं, आणि हा घरी. मला त्याचा आजही राग येतो. १९८६मध्ये माद्रिदच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला, तेव्हा सगळ्यांनी त्याला निकालात काढलं होतं. त्याचा सराव त्याची बायको मरीना घेऊ लागली. दीड हजार मीटर पोहणाऱ्यासाठी अठ्ठाविसावं वर्ष म्हणजे उतारवयच. त्या वयात, १९८८ला सोल ऑलिंपिकमध्ये, तो पश्चिम जर्मनीच्या श्टेफान फाइफरला मागे टाकून पुन्हा पहिला आला. वेळ १५:००.४०. त्या रात्री तो ऑलिंपिक ग्रामच्या भोजनगृहात शिरला, तर निरनिराळ्या देशांचे खेळाडू जेवता जेवता उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. ज्यांना हरवलं तेही त्यात असतील, असं मला फार वाटतं.

तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. पेपर घेऊन नौपाड्यात सरांच्या घरी गेलो. "पंधराच्या आत आला का रे?" हा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि पेपरच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीने वजाबाकी केली. मॉस्को ते सोल, फरक २.१३ सेकंद. "आठ वर्षं गेली, आणि एवढाच फरक," म्हणाले, आणि काकूंना हाक मारून तो आकडा त्यांनाही दाखवला. काकूंना पोहण्यातलं काही कळत नसे, पण त्यांनीही तो नीट वाचला.

सर आता नाहीत. आपल्या शाळेची मुलं आज पोहतात ती बहुतेक पन्नास आणि शंभर मीटर. दीड हजारला नाव द्यायला कुणी सहसा तयार नसतं, पालकांनाही ते कंटाळवाणं वाटतं. आता दादरला जायचीही गरज नाही, ठाण्यातच महापालिकेचे तरणतलाव आहेत. म्हणून शाळेच्या अमृतमहोत्सवी वर्षात आमच्या तुकडीने ठरवलंय की लांब अंतराचा सराव करणाऱ्या आपल्या प्रत्येक मुला-मुलीची वर्षाची तलावाची फी आम्ही भरू आणि आठवड्यातून एकदा सेकंद मोजायला आमच्यापैकी कुणीतरी येईल. नावं क्रीडाशिक्षकांकडे द्यावीत. मुलींनी तर जरूर द्यावीत. आमच्या वेळी त्यांना ही संधी मिळालीच नाही.